चाळणीवाले डॉक्टर

आमच्या परभणीत काही वर्षांपूर्वीपर्यंत बोरन्हाणाचं आमंत्रण दोन रीतींनी दिलं जायचं. गल्लीला मोठ्यानं हाक मारून, आणि डॉक्टरांच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं. बायका दारात उभ्या राहून सांगायच्या, "पाचला या बरं का, आणि त्यांना कळू देऊ नका." 'त्यांना' म्हणजे कोणाला, हे विचारावं लागत नसे.

बोरन्हाण तसा गरीब कार्यक्रम. संक्रांत झाली की घरातल्या लहान लेकराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, शेंगदाणे, रेवड्या असं सगळं ओतायचं, आणि जमलेल्या पोरांनी झडप घालून ते वेचून खायचं. लेकरू घाबरून रडतं, बायका हसतात, कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतं. संपलं.

डॉक्टरांच्या लेखी हा सगळ्यांनी मिळून केलेला गुन्हा होता. ते कान-नाक-घशाचे डॉक्टर. पण जिल्ह्यात त्यांचं नाव ना कानासाठी होतं ना नाकासाठी. लेकरांच्या श्वासनळीत अडकलेल्या वस्तू दुर्बिणीनं बाहेर काढणं, हे त्यांचं खरं काम. संक्रांतीनंतरच्या दिवसांत ते संध्याकाळचा दवाखाना अर्ध्यावर सोडून गल्ल्यांमधून कानोसा घेत हिंडायचे. पोरांचा गलका ऐकू आला की चपला दाराशी आणि माणूस थेट आत. काखेत ज्वारी चाळायची चाळणी. नमस्कार नाही, तिळगूळ नाही. ताटापुढे मांडी घालून चाळायला सुरुवात. शेंगदाणे बाद, हरभरे बाद, रेवड्या बाद, करवे बाद. बोरांना तर आत बीच असते, म्हणजे त्यांचा प्रश्नच मिटला. शेवटी ताटात चुरमुरे उरायचे, आणि त्यांच्याकडेही डॉक्टर जरा वेळ संशयानं बघत राहायचे.

"अहो डॉक्टर, रीत असती ती," एखादी आजी कळवळून म्हणायची.

"रीत तुमची, आजी; नळी लेकराची," डॉक्टर चाळता चाळता म्हणायचे.

मग खिशातून एक रबरी चेंडू काढून लेकराच्या हातात द्यायचे. चेंडू लेकराच्या तोंडात मावत नाही ना, हे आधी तोंडाला लावून बघायचे. आणि मागे चार वाट्या दाणे आणि तोंडं पाडून बसलेल्या बायका ठेवून पुढच्या गल्लीत जायचे. असं त्यांचं नाव पडलं चाळणीवाले डॉक्टर. पोस्टमनसुद्धा तेवढ्यावर पत्र आणून द्यायचा.

गल्लीत त्यांना न लपवता बोलावणारी बाई एकच, आमच्या शेजारच्या काकू. "येऊ द्या की," त्या म्हणायच्या, "चाळतेत आन जातेत. आपलं काय घेऊन जायलेत?" गल्लीतल्या सगळ्या लेकरांचे हलव्याचे दागिने काकूच करायच्या. हलव्याचा प्रत्येक दाणा दुहेरी दोऱ्यानं आवळलेला. डॉक्टर मुकुटापासून वाळ्यांपर्यंत एकेक दाणा नखानं ओढून बघायचे. इतर गल्ल्यांतल्या बायकांचे दागिने ते जप्त करायचे; काकूंचे मात्र गुमान लेकराच्या अंगावर घालायचे. याहून मोठी पदवी त्यांनी कोणाला दिल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांची भूलतज्ज्ञ. म्हणजे शहरातल्या पाच-सहा दवाखान्यांची होते, पण सगळ्यात जास्त शिव्या त्यांच्याकडे खाल्ल्या. आमच्या कामाची अडचण अशी की दोघांनाही एकाच वाटेनं जायचं असतं. त्यांना त्या नळीतून दुर्बीण घालायची असते आणि मला प्राणवायू. आणि ती नळी तुमच्या करंगळीहून बारीक. त्यामुळे ते आत असले की मी ओरडायची, "सर, बाहेर या," आणि मी आत असले की ते म्हणायचे, "मॅडम, उरका." बावीस वर्षं आमचा हा संवाद चालला. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वाटायचं, आत भांडण लागलंय.

त्यांच्या दवाखान्याच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तेव्हा तिथं बाहेरच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. दुसरीकडे अशा जागी डॉक्टरांचा मंत्र्यांबरोबरचा फोटो असतो. यांच्याकडे बाटल्या होत्या. प्रत्येक बाटलीत लेकराच्या छातीतून काढलेली एकेक वस्तू आणि बाटलीवर चिठ्ठी: वस्तू, गाव, मुक्काम. 'चिंचोका, मानवत, दोन दिवस.' 'हरभरा, पिंगळी, नऊ दिवस.' 'पेनाचं टोपण, देवगाव फाटा, पाच महिने.' लेकराचं नाव नाही, आईबापाचं नाव नाही. लोक आपला नंबर येईपर्यंत वाचत बसायचे, आणि आपल्या गावाची बाटली दिसली की उगीच मान खाली घालायचे.

कपाटाच्या वर डॉक्टरांनी स्वतः रंगवलेली पाटी होती. 'काय आणि कधी एवढंच सांगावं. कोणी, हे इथं विचारू नये.'

या पाटीमागे एक हरभऱ्याचा दाणा होता. गावाकडून जीप करून एक कुटुंब आलं होतं. लेकरू आईच्या खांद्यावर, ओठ निळसर. डॉक्टरांनी विचारलं, काय गिळलं? त्यावर बाप बायकोकडे वळून म्हणाला, "कोनी दिलं त्याला?" बायको म्हणाली, तुमच्या आईनं. सासू म्हणाली, "मी कशाला देऊ, माज्याकडं दात हायेत का हरबरे खायाला?" मग आत्याचं नाव निघालं. आत्या जीपमध्येच होती. ती आत आली आणि तिनं सगळ्यांची जुनी लफडी काढली. काय खाल्लं ते मात्र कोणी सांगेना. शेवटी डॉक्टरांनी लेकरू आईच्या खांद्यावरून ओढून घेतलं आणि चौघांना तिथंच सोडून आत पळाले. लेकरू वाचलं. संध्याकाळी त्यांनी रंगाचा डबा आणला.

त्यांचं म्हणणं असं की श्वासनळीतला दाणा काढणं सोपं, घरच्यांच्या तोंडातली गोष्ट काढणं अवघड. लेकराला एकदा जोराचा ठसका लागतो, ते लालबुंद होतं, मग शांत होतं. आत गेलेला दाणा एका बाजूला जाऊन बसलेला असतो, आणि घरच्यांना वाटतं की पोटात गेला. त्या ठसक्याबद्दल सांगितलं, तर निदान पाच मिनिटांत. पण सांगितलं की दाणा देणारा सापडतो. म्हणून सगळे मूग गिळून बसतात आणि लेकरू महिनाभर खोकल्याचं औषध पितं. छातीच्या फोटोत शेंगदाणा उमटत नाही. फार तर एक बाजू जास्त फुगलेली दिसते. डॉक्टर फोटो उजेडात धरायचे, एकदा बघायचे, आणि मग फोटो खाली ठेवून आलेल्या माणसांकडे एकेक करून बघत बसायचे. मला म्हणायचे, "मॅडम, दाणा फोटोत दिसत न्हाई. घरच्याच्या तोंडावर दिसतो."

मी हसायचे. मला तेव्हा हे वाक्य फार आवडायचं.

त्यांची दुसरी खोड म्हणजे जोड. लेकरानं जे गिळलंय, अगदी तसंच दुसरं आणून दिल्याशिवाय ते दुर्बिणीला हात लावत नसत. श्वास कोंडलेलाच असेल तर गोष्ट वेगळी, पण तासभर सवड असली की हुकूम सुटायचा, "जोड आणा." आणलेली जोड ते रबरी नळीत घालायचे, आणि कोणत्या चिमट्यात ती बसते, कुठून निसटते, हे बाहेर दहा वेळा करून बघायचे. शहाणपणाचीच गोष्ट होती. पण ज्यांच्या लेकराच्या छातीत घरघर चाललीय, त्यांना आधी बाजारात पाठवणारा डॉक्टर म्हणजे त्यांना वेडाच वाटायचा.

गंगाखेडकडची एक मुलगी आली होती, सात-आठ वर्षांची. श्वास घेतला की शिट्टी वाजायची. पाच रुपयांच्या चिप्सच्या पुड्यात शिट्टी निघाली होती, ती वाजवता वाजवता आत ओढली गेली. पण शिट्टी आत गेल्याचं आठ दिवस घरच्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण गावात भलतंच सुरू झालं होतं. तिचे आजोबा मोठ्या कौतुकानं सांगत होते, "लेकरू झोपीतबी वाजायलंय, साहेब. लोकं दर्शनाला यायलेत. नारळबी ठिवायलेत."

डॉक्टर म्हणाले, "नारळ किती झाले?"

"सतरा-अठरा आसतील."

"ते ऱ्हाऊ द्या. जोड आणा."

त्यांच्याबरोबर सोयऱ्याधायऱ्यांची एक आख्खी जीप भरून आली होती. ते सगळे स्टेशन रोडवर पांगले आणि दुकानांतून चिप्सचे पुडे घ्यायला लागले. पुडा फोडायचा, आत हात घालायचा. कुणाला गोटी निघाली, कुणाला अंगठी, कुणाला प्लॅस्टिकचा बेडूक. पुडा फोडलाय तर खाल्ला पाहिजे, म्हणून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सगळे चिप्स खात बसले. त्यांना खाताना बघून डॉक्टर बाहेर आले आणि ओरडले, "खाताना बोलू नका! एकाची काढायला तुमी आलात, धा जणांची काढायची वेळ आणू नका!" त्यानंतर ती सगळी मंडळी एकमेकांकडे बघत, चकार शब्द न काढता चिप्स चावत होती. अखेरीस आजोबांनाच शिट्टी निघाली. पण ती पिवळी होती आणि लेकरानं गिळलेली हिरवी.

"हिरवीच पाहिजे का साहेब?" आजोबा रडकुंडीला येऊन म्हणाले.

"रंग फुप्फुसाला कळत न्हाई. आणा इकडं."

अर्ध्या तासात हिरवी बाहेर आली. डॉक्टरांनी ती धुतली, तोंडाला लावली आणि बाहेर जाऊन वाजवून दाखवली. पिवळीसकट ती बाटलीत गेली. आजोबांच्या चेहऱ्यावर आनंद होताच, पण थोडी हळहळही होती. आता नारळ बंद होणार होते.

जेवताना बोलणं हा त्यांच्या मते खुनाचा प्रयत्न होता. त्यांच्या घरी जेवणाच्या वेळी खाणाखुणा चालायच्या. त्यांच्या पत्नी मला एकदा म्हणाल्या, "तीस वरसं झाले लग्नाला, भाजी चांगली झाली का न्हाई ते मला अजून ताटावर कळालं न्हाई. दोन तासांनी येऊन सांगतेत, तंवर मी इसरलेली असते."

एका मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं, आणि भाषणं चालू असतानाच चहा-चिवडा. अध्यक्ष विनोदी बोलत होते. लोक तोंडात चिवडा असताना खदाखदा हसत होते. डॉक्टर शाल पांघरूनच उठले, अध्यक्षांच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "यांचं भाषण चिवडा संपल्यावर ऐका. एवढं हसण्यासारखं न्हाईच, तरी धोका नको." मग ते खाली उतरून बशा गोळा करायला लागले. त्या मंडळानं पुढच्या वर्षीपासून फक्त हयात नसलेल्यांचा गौरव करायचं ठरवलं.

अशा माणसाबरोबर बावीस वर्षं काम केलेल्या बाईनं काय करू नये, ते मी केलं.

माझा मुलगा आणि सून पुण्याला असतात. नातवाचं पहिलं बोरन्हाण परभणीला करायचं ठरलं. नातू दीड वर्षाचा. सून हुशार, नेमकी, आणि मोबाइलवर सगळं वाचलेली. आल्या आल्या तिनं सांगितलं, "आई, शेंगदाणे आणि हरभरे अजिबात नकोत. पाच वर्षांच्या आत देत नाहीत. ते श्वासनळीत जाऊ शकतात."

मला. ती मला सांगत होती. ज्या बाईनं आख्ख्या जिल्ह्याच्या लेकरांना शेंगदाण्यापायी भूल दिली, तिला पुण्याची पोर शेंगदाण्यावर व्याख्यान देत होती. मी "हो हो" म्हटलं, पण आतून धुमसत होते. डॉक्टरांना बोलावायचं नाही, हे मीच ठरवलं. व्याही-विहीण येणार, त्यांच्यासमोर चाळणीचा तमाशा नको. 'मी आहे ना,' असं मी स्वतःशी म्हटलं.

ताटात चुरमुरे, मोठे बिस्किटांचे तुकडे, आणि दाखवण्यापुरती बोरं. दिसायला ते ताट अगदी केविलवाणं. लेकरावर ओतायच्या आधी मी स्वयंपाकघरात गेले, डब्यातून भाजक्या शेंगदाण्यांची चिमूट घेतली आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून चुरमुऱ्यांत मिसळली. शकुनापुरती. रीत मोडली असं व्हायला नको, आणि खरं सांगायचं तर माझ्या घरात माझंही काही चालतं, एवढं मला स्वतःलाच दाखवायचं होतं.

पोरांनी झडप घातली. गलक्यात नातवाला ठसका लागला. मी जवळच होते. तोंड लाल, डोळ्यांत पाणी. मी उचलून पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या. त्याच्या ओठातून अर्धा शेंगदाणा माझ्या तळहातावर पडला. नातू रडला आणि शांत झाला. सून धावत आली. मी म्हटलं, "काही नाही गं, गर्दीला घाबरला." आणि मूठ तशीच मिटून आत गेले. दुसरा अर्धा कुठं तरी सांडला असेल, अशी मी माझी समजूत घातली. तळहातावरचा तुकडा टाकवेना. कागदात बांधून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी खोकला. तिसऱ्या दिवशी ताप. बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, ठसका लागला होता का? सून म्हणाली, नाही. मी शेजारीच उभी होते. औषध मिळालं. दुपारी तो झोपला असताना मी माझा स्टेथोस्कोप त्याच्या छातीला लावला. डावीकडं हवा स्वच्छ. उजवीकडं कमी. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

मला कळलं होतं. तरी मी तो उरलेला दिवस गप्प बसले. आपलंच लेकरू धापा टाकत असताना, एका सुनेपुढं मान खाली घालावी लागेल म्हणून. बावीस वर्षं बाकावर बसलेल्या बायाबापड्यांना मी मनात किती नावं ठेवली होती! त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता की त्यांना माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी सूनच म्हणाली, "आई, तुमच्या त्या चाळणीवाल्या डॉक्टरांना दाखवू या का?"

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "ठसका?" त्यांनी विचारलं. सून म्हणाली, "नाही हो. शेंगदाणे नव्हतेच ताटात. मी स्वतः सांगितलं होतं." डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. आधी सुनेकडे बघितलं. मग माझ्या मुलाकडे. मग माझ्याकडे, आणि तिथं थांबले.

"तुमी दोघं बाहेर बसा," ते मुलाला आणि सुनेला म्हणाले. "सह्या करा. दुर्बीण घालायची."

दार लागलं. खोलीत आम्ही दोघं आणि माझ्या कडेवर धापा टाकणारा नातू.

"जोड आणा, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

मी पर्स उघडली आणि ती पुडी टेबलावर ठेवली. त्यांनी कागद सोडला, अर्धा दाणा बोटावर घेऊन उलटसुलट बघितला.

"कधी?"

"शुक्रवारी. सव्वापाचला."

त्यांनी मान हलवली. काय आणि कधी, दोन्ही मिळालं होतं. तिसरं काही त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या भूलतज्ज्ञाला फोन केला, आणि मी आत जायला निघाले तसा हात आडवा घातला. "तुमी बाहेर. आज तुमी आजी आहात."

मी बाकावर बसले, त्या कपाटासमोर. ते काय करत असतील ते मला पावलापावलानं दिसत होतं. चार दिवस ओलाव्यात राहिलेला दाणा मऊ होतो. चिमट्यात जरा जास्त दाबला की त्याचा भुगा, आणि भुगा आणखी खोल. नातेवाइकांना काही माहीत नसतं हे किती बरं असतं, ते मला त्या दिवशी समजलं. आतून एकदा ओरडण्याचा आवाज आला, "सर, बाहेर या." दुसऱ्याच कोणाच्या तोंडी माझं वाक्य. मी बाटल्या वाचायचा प्रयत्न केला. चिंचोका, मानवत. हरभरा, पिंगळी. मला त्यापुढं वाचवेना.

मग दार उघडलं. डॉक्टरांच्या हातात गॉजचा तुकडा होता, त्यावर अर्धा दाणा. "आख्खा आला," ते म्हणाले. "पोरगं रडायलंय. चांगलं रडायलंय."

सून रडत रडतच म्हणाली, "पण शेंगदाणा आला कुठून? कोणी दिला असेल त्याला?"

डॉक्टरांनी वर बोट केलं. पाटीकडं. सून वाचून गप्प झाली. तिथं सगळं मिटायला हवं होतं.

पण पाटी दवाखान्यात होती, घरात नव्हती. घरी आल्यावर सून विचार करत बसली. आपल्या ताटात दाणे नव्हते. मग काकूंनी त्या दिवशी डबाभर दाण्याच्या वड्या आणल्या होत्या, त्यांचाच तुकडा असणार. काकूंनी तो डबा उघडलासुद्धा नव्हता. "लहान लेकरं हायेत, मंग देते" म्हणून तसाच ओट्यावर ठेवला होता. सुनेनं त्यांना बोलावून, अगदी नम्रपणे, हात जोडून सांगितलं, "काकू, तुमचा हेतू चांगलाच होता, पण लहान मुलांच्या घरात असं आणत नका जाऊ." काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी नातवाचं झबलं घडी करत होते. ते झबलं मी तीनदा घडी केलं.

काकू डबा उचलून गेल्या. तीस वर्षं भिंतीवरून वाट्यांची ये-जा होती, ती थांबली. वर्षभर मी त्यांच्या दारावरून मान वळवून जायची. डॉक्टरांच्या कपाटात नवी बाटली आली होती, 'शेंगदाणा, परभणी, चार दिवस', आणि बाटलीत दोन्ही अर्धे शेजारी शेजारी. कामाला गेले की मी त्या कपाटाकडंही मान वळवूनच जायची. मला बघायच्या गोष्टी कमी कमी होत चालल्या होत्या.

पुढच्या संक्रांतीला सुनेनं स्वतः जाऊन डॉक्टरांना आमंत्रण दिलं. ते आले, चाळणी घेऊन. मानानं बोलावल्यामुळं जरा अवघडलेले होते. चोरून होणाऱ्या कार्यक्रमात घुसायची त्यांना सवय. ताटापुढं बसले, चाळायला लागले, आणि नातवाकडं बघून म्हणाले, "याचे दागिने कुठायत? काकू दिसायल्या न्हाईत."

सून म्हणाली, "त्यांना नाही बोलावलं. मागच्या वर्षी त्यांच्याच वड्यांमुळं—"

चाळणी थांबली. डॉक्टरांनी मान वर केली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांनी बघितलं असतं तर मला राग तरी धरता आला असता. खोलीत व्याही होते, विहीण होती, गल्लीतल्या बायका होत्या. ते नुसते थांबले होते, एखाद्या घरच्यानं आपणहून बोलावं म्हणून थांबायचे तसे.

"काकूंच्या वड्यांनी नाही," मी म्हटलं. "दाणे मी टाकले होते ताटात. ठसका लागला तेव्हा मी बघितलं होतं, आणि चार दिवस बोलले नाही."

सुनेचा चेहरा मी आजही विसरले नाही.

"मी विचारलं नव्हतं, मॅडम," डॉक्टर चाळणीकडं बघत म्हणाले.

सुनेनं नातवाला नवऱ्याच्या कडेवर दिलं. "चला," ती मला म्हणाली. "काकूंकडं. बोलायचं तुम्ही."

आम्ही शेजारी गेलो. मी कडी वाजवली, आणि लगेच दार उघडलं. काकूंनी संक्रांतीची काळी साडी नेसली होती, केस विंचरलेले, कपाळावर ताजं कुंकू. मागं खुर्चीवर कागद पसरून त्यावर हलव्याचे दागिने ठेवले होते. मुकुट, हार, वाळे. यंदाच्या मापाचे, मागच्या वर्षीपेक्षा मोठे.

मी बोलले. जे आधी बोलायला हवं होतं ते सगळं. काकूंनी ऐकून घेतलं.

"मला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "डबा मी उघडलाच न्हवता. मंग ऱ्हायलं कोन?" खुर्चीकडं वळत म्हणाल्या, "वरीस लावलात पन." मग दागिन्यांचा कागद उचलून आमच्या पुढं चालायला लागल्या.

डॉक्टरांनी मुकुट घेतला, एकेक दाणा नखानं ओढून बघितला, आणि तो नातवाच्या डोक्यावर बसवला. मग चाळणी उचलून काकूंच्या हातात दिली आणि स्वतःच्या शेजारी पाट सरकवला.

"या, बसा," ते म्हणाले. "या घरात निवडायला माणूस कमी पडायलंय."